‘दोष’ नसलेला स्वप्नदोष

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक आई सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. “डॉक्टर, याच्या अंगाला काही लागतच नाही. रात्र रात्र जागतो, अभ्यासात लक्ष नाही. रक्त तपासून बघा जरा.” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तपासणीत सारे ठीक होते. हिमोग्लोबिन १४. वजन मात्र तीन महिन्यांत चार किलोने उतरलेले.

मी आईला बाहेर बसायला सांगितले. मुलगा बराच वेळ नखे कुरतडत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, माझी धात जाते.”

आठवड्यातून एखाद-दोन वेळा त्याला झोपेत वीर्यपतन होत होते. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असे मित्राने सांगितलेले. मोबाइलवर जाहिरात दिसली, फोन केला, गोळ्या-पुड्यांचा ‘कोर्स’ टपालाने आला. तो संपल्यावर दुसरा, अधिक महाग. त्यासाठी पठ्ठ्याने सायकल विकली आणि घरी ‘चोरीला गेली’ म्हणून सांगितले. ‘उष्ण’ म्हणून अंडी, शेंगदाणे, बाजरीची भाकरी बंद केली. झोप लागली की धात जाणार, म्हणून जागरण! वजन उतरेल नाही तर काय?

वाचकहो, साधी गोष्ट आहे. वयात आल्यावर मुलाच्या वृषणांत शुक्रजंतू तयार होऊ लागतात आणि ते काम आयुष्यभर चालू राहते. त्यात इतर ग्रंथींचे पाझर मिसळून वीर्य बनते. एका वेळी बाहेर पडते ते जेमतेम चमचाभर. त्यात बहुतांश पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिने. रक्ताशी त्याचा हिशेब नाही. ते झोपेत बाहेर पडणे हे दाढी-मिशा फुटण्याइतकेच नैसर्गिक. हस्तमैथुनानेही अशक्तपणा, नपुंसकता किंवा डोळ्यांना कमजोरी येत नाही. कधी लघवी गढूळ होते, ते बहुधा क्षार असतात, धात नव्हे. पण ‘स्वप्नदोष’ या शब्दातच दोष बसला आहे, त्याला काय करणार?

या भीतीने येणारा थकवा आणि उदासपणा मात्र खरा असतो. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली त्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी पूर्वी त्या एस. टी. स्टँडच्या भिंतीवर असत, आता मुलांच्या हातात आल्या.

इथे माझाही गुन्हा कबूल करतो. व्यवसायाच्या सुरुवातीला असे मुलगे आले की बाहेर रांग असे. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून द्यायचो, फार तर एक लाल इंजेक्शन. मुलगा खूश होऊन जाई. पण डॉक्टरने औषध दिले, म्हणजे आपल्याला रोग आहेच, अशी त्याची खात्रीही मीच करून देत होतो.

लाजेपोटी दुखणे लपवण्याचा एक प्रकार फार महागात पडतो. या वयात वृषणाला अचानक पीळ बसू शकतो. एकाएकी जीवघेणी कळ येते, उलट्या होतात, कधी पोटच दुखते आहे असे वाटते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतो. सकाळी बघू म्हटले तर जातो. अशा वेळी घरगुती शेक नको, रात्र असली तरी थेट सर्जन गाठावा. लघवीला जळजळ किंवा लघवीतून रक्त हेही दाखवण्यासारखेच.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत, १९५३ पर्यंत, चालवले. त्यासाठी खटले सोसले. त्याला आता किती वर्षे झाली! या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा पाठ होता. तो सरांनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडला. घरी कोण वाचणार आणि कोणाला विचारणार?

त्याला मी औषध दिले नाही. पुड्या बंद करायला लावल्या, भाकरी-अंडी सुरू केली. सायकलीचे वडिलांना सांगायचे कसे, हा प्रश्न उरला. त्याच्या संमतीने एका रविवारी मी त्यांना बोलावून सगळे सांगितले. रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, आमच्या वेळी बाजारात तंबू असायचा. मी आईच्या डब्यातले साठ रुपये नेऊन दिले होते. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.”

मुलगा बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला आत बोलावले आणि स्वतः चहाला गेलो.