‘असा लेख नाही’: एआयसाठी सर्च सर्व्हर उभारताना मराठीचं काय होतं

मागच्या भागात आपण एआयला आपली स्वतःची कागदपत्रं वाचायला देण्याबद्दल बोललो. शेवटी वेळ कमी पडला आणि सर्च सर्व्हरचा मुद्दा घाईत उरकला गेला. तो इथे नीट मांडतोय. सुरुवात एका फजितीने करतो.

इथल्या आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांवर आम्ही दोघा-तिघांनी मिळून एक चॅटबॉट बनवला. पहिल्याच आठवड्यात एका काकूंनी विचारलं, “आमच्या सासऱ्यांनी नाशिक सोडून इथे येण्याबद्दल लिहिलं होतं. १९९९ चा अंक असावा. सापडेल का?” बॉटने ठणकावून सांगितलं, “असा लेख उपलब्ध नाही.” काकू म्हणाल्या, “बरं, मग माझ्याच लक्षात चुकीचं असेल.”

लेख होता. कपाटातल्या अंकात तर होताच, पण आमच्या फोल्डरमध्येही होता. एका माणसाला स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावली आपण, हे मला जास्त लागलं. मग शोधत बसलो की नेमकं कुठे बिनसलं.

आधी हे चालतं कसं

भाषा-मॉडेलने तुमच्या स्मरणिका वाचलेल्या नसतात. प्रश्न आला की आपण आधी कागदपत्रांत शोध घेतो, जवळचे पाच-दहा उतारे काढतो आणि ते प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवतो. याला ‘रॅग’ म्हणतात. हे नाव २०२० च्या एका शोधनिबंधातून रूढ झालं. म्हणजे उत्तर बरोबर येणार की नाही, याचा निम्मा निकाल मॉडेलच्या आधी, शोधातच लागतो. योग्य उतारा पुढे आलाच नाही, तर कितीही हुशार मॉडेल काय करणार?

शोधाचं काम सर्च सर्व्हर करतो. पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर? तसंच. सगळ्या मजकुरातला प्रत्येक शब्द आणि तो कुठल्या उताऱ्यात आला याची यादी तो आधीच करून ठेवतो. मग उताऱ्यांना क्रम लावतो. जो शब्द मोजक्याच कागदांत येतो त्याचं वजन जास्त, ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. तिच्यावरच पुढे लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ‘बीएम२५’ हे सूत्र घडवलं. आजही इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च दोन्ही मुळात तेच वापरतात, कारण दोघांच्या पोटात ल्यूसीन हीच लायब्ररी आहे.

सर्व्हर उभा करणं

हा भाग खरं तर सगळ्यात सोपा. आम्ही ओपनसर्च घेतलं आणि एका भाड्याच्या छोट्या मशीनवर डॉकरमधून चालवलं. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

एक, मशीनच्या मेमरीपैकी साधारण निम्मीच सर्व्हरच्या जावा हीपला द्या. उरलेली ऑपरेटिंग सिस्टिमला फाइली हाताशी ठेवायला लागते. दोन, लिनक्सवर मेमरी-मॅपची मर्यादा २,६२,१४४ पर्यंत वाढवावी लागते. सर्व्हर सुरू होताहोताच बंद पडला, तर आधी हेच तपासा. तीन, पोर्ट ९२०० इंटरनेटला उघडा ठेवू नका. पासवर्ड आणि फायरवॉल दोन्ही लावा. स्मरणिकांत लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, बरं का.

कागद दोन-चारशेच असतील तर एवढा थाट नको, एसक्यूलाइटचं एफटीएस५ पुरतं. पण त्याची शब्द तोडायची मूळ सेटिंग फक्त अक्षरं आणि आकडे धरते, काना-मात्रा-वेलांटी धरत नाही. त्यामुळे मराठी शब्दाचे तुकडे होतात. मात्रांचे दोन वर्ग सेटिंगमध्ये आपल्याला वेगळे जोडावे लागतात.

आमचं कुठे चुकलं

पहिली चूक मजकूर काढण्यात. १९९९ चा अंक जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होता. पानावर देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. सर्व्हरला मिळाला निव्वळ गोंधळ, आणि तोही त्याने मुकाट्याने सूचीत घातला. कुठे एरर नाही, काही नाही. उपाय असा की पानाचं चित्र करून टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलने ते वाचून घ्यायचं. ओसीआरच्या चुका होतातच, म्हणून प्रत्येक उताऱ्यासोबत अंकाचं वर्ष, लेखकाचं नाव, पान क्रमांक आणि मूळ पानाचं चित्र जोडून ठेवलं.

दुसरी चूक शब्दांच्या रूपांची. ओसीआरनंतरही ‘नाशिक’ शोधलं तर लेख येईना! का? तर आजोबांनी लिहिलं होतं ‘नाशकाहून’. इंग्रजीसाठी सर्व्हरमध्ये तयार विश्लेषक असतो, हिंदीसाठी आणि बंगालीसाठीही असतो. मराठीसाठी ल्यूसीनमध्ये नाही. आणि आपल्याकडे प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो: पुणे-पुण्यात, नाशिक-नाशकात.

वाटलं, हिंदीचा विश्लेषक लावू. त्यातला नॉर्मलायझर ह्रस्व-दीर्घ एक करतो, ते आपल्याला सोयीचं. पण तो ‘ॅ’ चा ‘े’ ही करतो. म्हणजे ‘बॅट’ शोधली की ‘बेट’ हजर. मग शब्दांच्या पहिल्या तीन-चार खुणांवरून शोधून पाहिलं, तर नाशिकसोबत ‘नाश्ता’ आला. स्मरणिकेत नाश्त्याला काय तोटा!

शेवटी एकच मजकूर तीन फील्डमध्ये ठेवला: जसाच्या तसा, नॉर्मलाइझ केलेला आणि शब्दारंभाच्या तुकड्यांचा. वजन याच क्रमाने उतरतं. शिवाय गावांच्या नावांची समानार्थी यादी हाताने केली: नाशिक, नाशकात, नाशकाहून. कंटाळवाणं काम, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘सासऱ्यांनी’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: कधी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, कधी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, सर्व्हरला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे एक करत नाही. म्हणून सूचीत घालण्यापूर्वी आणि प्रश्न शोधण्यापूर्वी, दोन्हीकडे, एका प्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर करा.

अर्थावरून शोध

शब्द जुळले नाहीत तरी अर्थ जुळावा, यासाठी व्हेक्टर शोध असतो. काकूंनी म्हटलं ‘सोडून येणं’, आजोबांनी लिहिलं ‘बिऱ्हाड हलवलं’. इथे व्हेक्टर कामाला येतो. पण आडनावं, वर्षं आणि गावं यांत तो घसरतो, तिथे बीएम२५ हवं. म्हणून दोन्ही चालवा आणि क्रम एकत्र करा. प्रत्येक यादीत उताऱ्याला १ भागिले (६० अधिक क्रमांक) एवढे गुण द्यायचे आणि बेरीज करायची. एकाच यादीत पहिला आलेल्याला सुमारे ०.०१६४ मिळतात, दोन्हींत तिसरा आलेल्याला ०.०३१७. दोन साक्षीदार एकाच माणसाकडे बोट दाखवताहेत, त्याचं ऐकायचं.

तपासणी, आणि ‘नाही’ म्हणणं

आता आम्ही मॉडेलला हात लावण्याआधी शोध तपासतो. उत्तर ठाऊक असलेले तीस प्रश्न लिहून काढले. यातले कितींचा योग्य उतारा पहिल्या दहात येतो, एवढंच मोजायचं. सेटिंग बदलली की पुन्हा मोजायचं. प्रश्न मंडळातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्या. आपण लिहिलेले प्रश्न आपल्याच शब्दांत असतात आणि उगाच पास होतात.

आणि शेवटचा बदल सर्व्हरमधला नाही, भाषेतला आहे. बॉटने ‘असा लेख नाही’ म्हणायचं नाही. ‘मी या या वर्षांचे अंक पाहिले, त्यांत मला सापडला नाही, हे दोन अंक अजून वाचलेले नाहीत’ असं म्हणायचं. त्याला माहीत आहे तेवढंच.

काकूंना पान छापून नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, “बघ, १९९९ च होतं.”