टप, पाय आणि बारा आकडी क्रमांक

मोटारीच्या टपावर सामान बांधण्याचे कसब आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर टॅक्सीवर वळकट्या, ट्रंका आणि क्वचित एखादा पाळणाही बांधलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटेल. त्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. अँबॅसडरचा कारखाना तर २०१४ मध्येच थांबला. या जुन्या गाड्यांच्या टपाच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. तिच्यात कॅरिअरचे पाय अडकवायचे, स्क्रू आवळायचे, की झाले! आताच्या गाड्यांचे टप कसे गुळगुळीत. पन्हळ नाही, त्यामुळे प्रत्येक मॉडेलला निराळे पाय आणि निराळ्या पकडी लागतात. हे ज्ञान मला दुकानात मिळाले नाही. कोठे मिळाले ते पुढे येईलच.

आमचे कुलदैवत परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीचा नृसिंह. परभणी-परळी लोहमार्गावरच्या तिथल्या स्टेशनलाही देवाचेच नाव आहे. नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला असते; २०२५ साली ती ११ मे रोजी, रविवारी आली. आमची आई त्र्याऐंशी वर्षांची. तिच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी संप पुकारला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीशिवाय तिचे पान हलत नाही. फाल्गुनात ती म्हणाली, "यंदा देवाला जाऊन येऊ. पुढच्या सालाचं कोणी सांगावं?" यावर काय बोलणार?

पुण्याहून पोखर्णी जवळजवळ चारशे किलोमीटर. आमची गाडी सीएनजीवर चालणारी. अर्धी डिकी टाकीने व्यापलेली. माणसे पाच, बॅगा चार. तेव्हा खुर्ची टपावर चढवावी असे ठरले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी कॅरिअर आणायला निघालो.

दुकान मोठे, थंडगार. विक्रेता अत्यंत अदबीचा. माझी गाडी काचेपलीकडे दहा पावलांवर उभी होती, पण तिच्याकडे मान वळवून पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही. संगणकात पाहून म्हणाला, "बसेल सर, शंभर टक्के बसेल." आठ हजार चारशे रुपये मोजले. पावतीवर गाडीचे नाव, मॉडेल आणि साल मात्र मी हट्टाने लिहवून घेतले. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे मंगलाचरण होतेच.

घरी चिरंजीव आणि मी कॅरिअर टपावर ठेवले. उजवे पाय बसले की डावे चार बोटे अधांतरी. डावे बसवावेत तर उजवे! दुकानाला फोन केला. "कंपनीशी बोला, सर." कंपनी म्हणाली, "दुकानदाराशी बोला, सर." मात्र दोघांनीही मला बारा आकडी तक्रार क्रमांक अगत्याने दिले. आठवड्याने पायांचे दुसरे खोके आले, ते हुबेहूब पहिल्यासारखे. पाचव्या फोननंतर एका गोड आवाजाने विचारले, सेवेबद्दल आपण किती तारे द्याल?

सौ. आतून म्हणाली, "दिवसाढवळ्या आपल्याला दाखवलेत, तेवढे सांगा!"

अखेर हडपसरच्या बाजूला टेम्पो आणि जीपगाड्यांना कॅरिअर करून देणाऱ्या एका वेल्डरकडे गेलो. हात पुसत तो बाहेर आला. आधी त्याने टपाच्या कडेवरून बोटे फिरवली, दार उघडून रबर दाबून पाहिले, मग पन्हळीची सारी हकिकत मला समजावून सांगितली. "काका, पत्र्याला वेल्डिंग करून देईन, पैसे घेईन. पण टप पातळ आहे. खुर्ची रस्त्यात कुठं उडंल सांगता येत नाही. आजीची आहे ना? नका बांधू." वेळेचे पैसे विचारले तर हसून कामाला लागला. महिनाभरात एवढे नितळ 'नाही' मी ऐकले नव्हते!

मग भाच्याने परभणीत दोन दिवसांसाठी खुर्ची भाड्याने मिळवली आणि प्रश्न सुटला. पोखर्णीला रांगेतल्या बायाबापड्यांनी न सांगता वाट करून दिली. दर्शन झाल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं, माझी खुर्ची घरीच राहिली. एवढ्या उन्हात टपावर बिचारीचे काय झाले असते!"

पैशांची कथा निराळी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. हे सारे एका पत्रात लिहून, पावतीची प्रत जोडून, पंचविसाव्या दिवशी मी ते नोंदणी टपालाने धाडले. सरकारच्या १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार गुदरली. तेथेही एक क्रमांक मिळाला, पण हा कामाला आला. जूनमध्ये पैसे परत आले, 'हाताळणी खर्च' म्हणून साडेतीनशे रुपये कापून.

त्या साडेतीनशेंसाठी दुसरे पत्र गेले आहे. कॅरिअर माळ्यावर पडून आहे. ते न्यायला माणूस येणार असे कंपनी कळवते. त्याचाही बारा आकडी क्रमांक आमच्याकडे आला आहे.