इंटरनेटचे नियम कसे ठरतात

इंटरनेटवरच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचे असेल तर संवादाचे नियम आधी ठरलेले असावे लागतात. निरोप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, पत्ता कोणत्या जागी लिहायचा, वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा कोणी आणि केव्हा पाठवायचा, अशा नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. नाशिकमधला मोबाइल आणि फिनलंडमधला सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या वर्षी बनवलेले असतात, त्यांच्या अभियंत्यांची कधी गाठही पडलेली नसते. तरीही त्यांचे जुळते, कारण दोन्हीकडच्यांनी एकच लेखी दस्तऐवज प्रमाण मानलेला असतो. इंटरनेटच्या गाभ्याचे असे दस्तऐवज मुख्यतः इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ, येथे तयार होतात. त्यांच्यामागे कायद्याचे बळ नाही. न पाळणाऱ्याला आयईटीएफ दंड करत नाही आणि पाळणाऱ्याला प्रमाणपत्रही देत नाही. जो पाळतो त्याचे यंत्र इतरांशी बोलू शकते, एवढाच या दस्तऐवजांचा अधिकार. आणि तो कमावण्यासाठीच त्यांच्या निर्मितीची सारी पद्धत घडली आहे.

या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या नावाचे हे लघुरूप. पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ची आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट हे जाळे उभे राहत होते आणि त्यावरच्या संगणकांनी परस्परांशी कसे बोलायचे हे ठरवण्याचे काम चार संशोधन केंद्रांतल्या तरुण विद्यार्थ्यांकडे आले होते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर त्यांच्यापैकी एक. कोणी अनुभवी माणूस येऊन सूत्रे हाती घेईल असे या मुलांना वाटत होते. आपण हुकूम सोडतो आहोत असे कोणाला वाटू नये म्हणून क्रॉकर यांनी टिपणांना ‘अभिप्राय हवा आहे’ अशा अर्थाचे नम्र नाव दिले. कच्चा विचारही लिहून पाठवावा, सफाईपेक्षा वेळेवर पाठवण्याला महत्त्व द्यावे, असे त्यांनी त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात सांगून ठेवले. ही टिपणे तेव्हा कागदावर, टपालाने जात. अलाहाबादमध्ये जन्मलेले आणि आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये ११४ क्रमांकाची आरएफसी लिहिली. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याच्या एफटीपी प्रोटोकॉलचे ते पहिले रूप.

टिपणांना क्रमांक देणे, ती तपासणे, जपून ठेवणे हे काम जॉन पोस्टेल यांनी सुरुवातीच्या काळात अंगावर घेतले आणि १९९८ मध्ये निधन होईपर्यंत निभावले. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपी या दोन पायाभूत प्रोटोकॉलची ७९१ आणि ७९३ क्रमांकाची वर्णने प्रसिद्ध झाली, ती पोस्टेल यांनीच संपादित केलेली होती. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. आयईटीएफची पहिली बैठक त्यानंतर, जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगो येथे झाली. तिला २१ जण हजर होते.

याच काळात आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, जाळ्यांसाठी ओएसआय नावाची सात थरांची सविस्तर रचना आखत होती. तिथे देशोदेशींच्या अधिकृत संस्था मतदान करत आणि अनेक सरकारांचा ओएसआयला पाठिंबा होता. टीसीपी/आयपीच्या मागे असा मान नव्हता, पण चालणारी, सहज मिळणारी सॉफ्टवेअरे होती, आणि नियम वाचायला पैसे पडत नव्हते. या दोन परंपरांची गाठ १९९२ मध्ये पडली. इंटरनेटचे पत्ते एक दिवस संपणार हे दिसू लागले होते. जूनमध्ये जपानमधील कोबे येथे इंटरनेटच्या स्थापत्य मंडळाने ओएसआयमधल्या एका प्रोटोकॉलच्या आधारे पुढची आवृत्ती करावी असा कौल दिला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांना विचारल्याविना वरून आलेला हा निर्णय आयईटीएफमध्ये अनेकांना रुचला नाही. पुढच्याच महिन्यात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बैठकीत संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी सांगितले की या समूहाला राजे, अध्यक्ष आणि मतदान मान्य नाही. ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर त्याचा विश्वास आहे. कोबेचा निर्णय मागे पडला, मानकांना अंतिम संमती देण्याचा अधिकार मंडळाकडून काढून घेण्यात आला, आणि आजची कार्यपद्धती त्या वादातूनच घडली.

आयईटीएफला सदस्यत्व नाही. ज्याला एखाद्या विषयात रस आहे त्याने त्या विषयाच्या कार्यगटाच्या ईमेल यादीत नाव घालावे आणि लिहू लागावे. जो बोलतो तो स्वतःच्या नावाने बोलतो, कंपनीचा किंवा देशाचा प्रतिनिधी म्हणून नाही. वर्षातून तीन मोठ्या बैठका होतात, मात्र कोणताही निर्णय ईमेल यादीवर पक्का झाल्याखेरीज पक्का धरला जात नाही. म्हणजे प्रवासाला पैसे नसलेल्या माणसाचा आक्षेपही नोंदला जातो. कामाचा आरंभ मसुद्याने होतो. इंटरनेट-ड्राफ्ट नावाचा हा मसुदा कोणीही सादर करू शकतो, आणि त्याची नवी आवृत्ती आली नाही तर सहा महिन्यांत तो कालबाह्य ठरतो. बहुतेक मसुदे असेच विरून जातात. कार्यगटाने एखादा स्वीकारला की त्यावर ओळीओळीने वाद सुरू होतो.

या वादाचा निकाल मोजणीने लागत नाही. बैठकीत कार्यगटाचे अध्यक्ष प्रश्न विचारतात आणि ज्यांना एखादी बाजू पटते ते हुंकार भरतात. हुंकारात कोण कोणत्या बाजूचे ते नीट दिसत नाही, आकडा निघत नाही, पण खोलीचा कल कळतो. २०१४ मध्ये पीट रेस्निक यांनी लिहिलेल्या ७२८२ क्रमांकाच्या आरएफसीत या सहमतीचा अर्थ फार नेमका मांडला आहे. प्रत्येक आक्षेपाचे म्हणणे मान्य व्हावे अशी अपेक्षा नाही, पण त्याचा खरोखर विचार होऊन उत्तर मिळाले पाहिजे. त्यामुळे शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असतानाही सहमती झालेली नसू शकते, कारण त्या पाचांनी दाखवलेली तांत्रिक त्रुटी कोणी खोडलेली नसते. उलट शंभर विरोधक एकाच फोल मुद्द्यावर अडून बसले असतील तर पाचांच्या बाजूनेही सहमती जाहीर होऊ शकते. माणसे गोळा करून निकाल फिरवता येऊ नये, यासाठी केलेली ही तजवीज मानकनिर्मितीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

कार्यगटाचे समाधान झाले की मसुदा सर्वांसमोर शेवटच्या अभिप्रायांसाठी ठेवला जातो आणि मग क्षेत्रसंचालकांच्या समितीकडे जातो. या समितीची निवड करणाऱ्या मंडळात मत देणारे दहा स्वयंसेवक असतात आणि ते जाहीर सोडतीने ठरतात, कोणाच्या शिफारशीने नाही. समितीतील एखाद्या संचालकाला गंभीर त्रुटी दिसली तर तो मसुदा रोखून चर्चा मागू शकतो. प्रत्येक दस्तऐवजात सुरक्षेचा विचार करणारे स्वतंत्र प्रकरण असलेच पाहिजे. शेवटी आरएफसी संपादक भाषा, संदर्भ आणि आकृत्या तपासतात. ‘पाहिजे’ आणि ‘पाहिजे असे सुचवले आहे’ यांतला फरक इथे जिवाचा असतो, म्हणून स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९७ मध्ये २११९ क्रमांकाच्या आरएफसीत अशा शब्दांचे अर्थच बांधून दिले. एखादी गोष्ट सक्तीची म्हटली की ती न करणारे सॉफ्टवेअर मानकाबाहेर पडते. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा आशय पुढे बदलत नाही. चुका वेगळ्या नोंदवल्या जातात आणि मोठा बदल हवा असेल तर नव्या क्रमांकाची आरएफसी काढावी लागते. आता हे क्रमांक ९,००० च्या पुढे गेले आहेत. त्या सगळ्या विनामूल्य वाचायला मिळतात, पण सगळ्याच मानके नाहीत. माहितीपर आणि प्रायोगिक दस्तऐवजही त्यांतच असतात.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी राबते ते टीएलएस १.३ च्या घडणीत दिसते. बँकेचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझरमध्ये जे सुरक्षित जोडणीचे चिन्ह दिसते त्यामागे टीएलएस हा प्रोटोकॉल असतो. त्याची १.२ ही आवृत्ती २००८ची. पुढच्या काही वर्षांत तिच्यातल्या जुन्या गणिती पद्धतींवर एकामागून एक हल्ले सापडले. शिवाय २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी पाळत किती व्यापक आहे ते उघड केले, आणि २०१४ च्या ७२५८ क्रमांकाच्या आरएफसीत आयईटीएफने अशा सार्वत्रिक पाळतीला तांत्रिक हल्लाच मानले. नव्या आवृत्तीतून कमकुवत पद्धती काढून टाकायच्या, आणि जोडणी जुळवण्यासाठी लागणारी एक फेरी वाचवायची, असे उद्दिष्ट ठरले. एरिक रेस्कोर्ला संपादक होते. मसुद्याच्या २८ आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठांतील संशोधकांनी प्रसिद्धीआधीच त्यांची गणिती पडताळणी केली आणि सापडलेल्या उणिवा वेळीच दुरुस्त झाल्या. पूर्वी प्रोटोकॉल वापरात आल्यावर त्याची चिरफाड होत असे. हा क्रम बदलला ही मोठीच प्रगती होती.

अडचणी दोन बाजूंनी आल्या. आर्थिक क्षेत्रातल्या काही संस्थांना आपल्या अंतर्गत जाळ्यावरची कूटबद्ध वाहतूक नंतर उलगडून तपासायची होती. जुन्या पद्धतीत सर्व्हरची एक कायमची किल्ली जवळ ठेवून हे करता येई, नव्या पद्धतीत दर जोडणीची किल्ली वेगळी असल्याने ते जमत नव्हते. ही सोय परत आणावी असे प्रस्ताव आले, त्यांवर प्राग आणि लंडनच्या बैठकांत कडाक्याचा वाद झाला, पण सहमती झाली नाही आणि प्रस्ताव मानकात शिरले नाहीत. एका संस्थेसाठी ठेवलेले दार सगळ्यांच्या जोडण्यांना भोक पाडते, हा आक्षेप खोडता आला नाही.

दुसरी अडचण कोणी मांडलेली नव्हती, ती चाचणीत सापडली. वाटेतली कितीतरी फायरवॉल आणि प्रॉक्सी यंत्रे नवा आवृत्ती क्रमांक दिसताच जोडणी तोडू लागली. मानकानुसार त्यांनी असे करायला नको होते, पण ती जगभर बसवलेली होती आणि बदलणे कोणाच्या हातात नव्हते. शेवटी नव्या प्रोटोकॉलने पहिल्या निरोपात स्वतःला १.२ म्हणवून घ्यावे आणि खरी आवृत्ती एका वेगळ्या जोडपत्रात सांगावी असे ठरले. ऑगस्ट २०१८ मध्ये ८४४६ क्रमांकाची आरएफसी प्रसिद्ध झाली, तेव्हा मोठे ब्राउझर नव्या आवृत्तीसाठी तयार होते. चालणाऱ्या कोडचा आग्रह का धरतात ते या प्रसंगावरून कळते: कागदावर निर्दोष असलेले मानक जाळ्यावर अडखळले असते.

मराठी वाचकाशी थेट नाते असलेला एक धागा डोमेन नावांचा आहे. पत्त्यांची मूळ व्यवस्था इंग्रजी अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढ्यांपुरती होती. २००३ मध्ये इतर लिप्यांतली नावे इंग्रजी अक्षरांत रूपांतरित करून नेण्याची पद्धत ठरली. तिच्यात शून्य रुंदीचे जोडचिन्ह गाळले जात असे. देवनागरीत अर्धा र लिहिण्यासाठी काही वेळा हेच अदृश्य चिन्ह वापरतात, आणि ते गळले की डोंगरातल्या ‘दर्‍या’चा समुद्र होऊन ‘दर्या’ उरतो. २०१० मध्ये आलेल्या सुधारित मानकात हलन्तानंतर हे चिन्ह ठेवण्याची मुभा मिळाली. ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय २०१४ मध्ये सुरू झाला.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. प्रवेश खुला असला तरी वर्षानुवर्षे ईमेल वाचायला आणि मसुदे तपासायला सवड लागते, आणि ती पगारी सवड मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांना मिळते. सारे काम इंग्रजीत चालते. एखाद्या कल्पनेवर पेटंट असेल तर ते माहीत असणाऱ्या सहभागी व्यक्तीने जाहीर करण्याचा नियम आहे, तरी त्यावरून वाद होतातच.

प्रसिद्धीनंतर मानकाचे काय होईल हे लिहिणाऱ्यांच्या हाती राहत नाही. आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. तरी बहुतेक कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे दडवून काम चालवत राहिल्या, कारण बदलाचा खर्च स्वतःचा आणि फायदा सगळ्यांचा होता. भारतात २०१६ नंतर उभ्या राहिलेल्या ४जी जाळ्याने सुरुवातीपासूनच सहावी आवृत्ती वापरली, म्हणून हा देश तिच्या वापरात आघाडीवर आहे. जाळ्यांमधले मार्ग ठरवणाऱ्या बीजीपीची गतही अशीच. तो मूळचा परस्पर विश्वासावर चालणारा. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या एका दूरसंचार कंपनीची चुकीची मार्गघोषणा बाहेर पसरली आणि यूट्यूब सुमारे दोन तास जगभर बहुतांशी बंद पडले. मार्ग सांगणाऱ्याचा हक्क तपासण्याची मानके २०१२ पासून प्रसिद्ध झाली, पण त्यांचा वापर एकेक जाळे आपापल्या गतीने करत आले आहे.

जुन्या मानकांची देखभाल हे यातले सर्वांत दुर्लक्षित काम. टीसीपीचे १९८१चे वर्णन आणि त्यानंतर साचलेल्या दुरुस्त्या एकत्र करून ऑगस्ट २०२२ मध्ये ९२९३ क्रमांकाची आरएफसी निघाली, आणि ४१ वर्षांची जुनी आरएफसी तिथे निवृत्त झाली. अक्षरांचे अंकांत रूप देणारी आस्की पद्धत जाळ्यावर वापरावी असे सांगणारी २० क्रमांकाची आरएफसी १९६९ची. तिला पूर्ण मानकाचा दर्जा २०१५ मध्ये मिळाला. धोकादायक ठरलेली मानके जाहीरपणे मागे घेतली जातात. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अशाच रद्द ठरवण्यात आल्या. मात्र रद्द झालेल्या आरएफसीही संग्रहातून काढल्या जात नाहीत. जुन्या यंत्राचे वर्तन समजून घ्यायला लागणारा तो एकमेव विश्वसनीय दस्तऐवज असतो, म्हणून ‘ऐतिहासिक’ असा शेरा मारून त्या जागच्या जागी ठेवल्या जातात.