बाराखडी पाठ, तरी वाचन अडलेलं

पाचवीतला मुलगा बाराखडी ‘क’पासून ‘कः’पर्यंत एका दमात म्हणून दाखवतो. फळ्यावर नुसतं ‘कु’ लिहिलं, की मात्र तो ‘क, का, कि, की’ असं पुटपुटत पहिल्यापासून मोजत येतो. त्याची बाराखडी पाठ आहे, वाचन आलेलं नाही. अशी मुलं राज्यात सगळीकडे आहेत. भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या वस्तीत त्यांची अडचण आणखी वाढते.

यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कुटुंबं इथे आली. घरी भोजपुरी किंवा तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी किंवा उर्दू. वाचलेला शब्द ओळखीचा निघाला, तरच तो वाचल्याचा काही उपयोग.

त्यात लिपीचे पेच. ‘कि’मध्ये डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र ‘क’चा आधी होतो. घ-ध, भ-म यांत फरक कितीसा? उर्दूत बे, पे, ते, से यांचा आकार एकच. फरक नुक्त्यांचा, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात दिसलं, की स्वरचिन्हं जोडलेल्या अशा अक्षरांवर पकड यायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. पहिलीत बाराखडी ‘संपवणाऱ्या’ शाळेने हे ध्यानात घ्यायलाच हवं.

बोलणं मूल ऐकून शिकतं. वाचन शिकवावं लागतं. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहान यांच्या मते, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या मेंदूच्या भागातलाच एक पट्टा वाचन शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. लखनौजवळच्या गावांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवल्यावर त्यांच्या मेंदूतही बदल आढळले; हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मग दहा वर्षांच्या पोराची वेळ गेली, असं कसं म्हणायचं?

उपाय मुंबईत तपासून झाला आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवत. 2001 ते 2003 दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची चाचणी घेतली. गुण वाढले, आणि सर्वांत मागच्या मुलांचे अधिक वाढले. काही मुलांना मात्र डिस्लेक्सिया हा वाचनविकार असतो. त्यांना तज्ज्ञांची तपासणी लागते. पण शिकवलंच न गेलेल्या मुलावर तो शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

मुलांचं वाचन तपासणारी, 2005 पासूनची ‘असर’ पाहणी ग्रामीण भागापुरतीच असल्याने भिवंडी शहरातली मुलं तिच्यात येत नाहीत. तिची पद्धत मात्र कुठल्याही शिक्षिकेला वापरता येते: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून हे वाचून घ्यायला काही मिनिटं पुरतात, आणि उद्या कुणाला कोणत्या गटात बसवायचं ते त्याच दिवशी कळतं.