रसायनांच्या टाक्या : जोडणीचे भाग निवडताना

बंगळुरूच्या वायव्येस असलेल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत १९७० च्या दशकापासून लहानमोठे असंख्य उद्योग उभे राहिले. धातूच्या भागांवर विद्युतविलेपनाने मुलामा देणारे अनेक कारखाने त्यांत आहेत. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक व क्रोमिक आम्ले आणि कॉस्टिक सोडा यांचा साठा त्यांना नेहमीच ठेवावा लागतो. जमिनीत मुरलेले रसायन परत काढून घेणे किती अवघड असते, याची कल्पना या परिसरातील भूजलात आढळलेल्या क्रोमियमवरून येते. त्यामुळे रसायन टाकीबाहेर पडणारच नाही, याची काळजी आधी घ्यावी लागते.

अशा साठ्यासाठी फायबरग्लासच्या, म्हणजेच एफआरपीच्या टाक्या सर्रास वापरल्या जातात. 'फायबरग्लास गंजत नाही' हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. या पदार्थात काचतंतू बळकटी देतात, तर रसायनाला थोपवण्याचे काम रेझिन करते. काचतंतूंपर्यंत रसायन पोहोचले की टाकीचे आयुष्य घटू लागते. म्हणून टाकीच्या आतील बाजूस रेझिनचे प्रमाण अधिक असलेला, सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा संरक्षक थर दिलेला असतो. भार पेलणारा भाग त्याच्या बाहेर असतो.

टाकीची भिंत बहुधा यंत्रावर काचतंतू गुंडाळून तयार होते आणि तिची जाडी एकसारखी राखता येते. नोझल, फ्लँज, मनुष्यप्रवेशाचे झाकण हे भाग बसवण्यासाठी मात्र हीच भिंत कापावी लागते. कापलेल्या कडेवर काचतंतूंची टोके उघडी पडतात आणि ती रेझिनने नीट बंद केली नाहीत, तर दिव्यातील वात तेल शोषते तसे तंतूंच्या कडेने रसायन भिंतीत शिरते. बाहेरून काहीच दिसत नाही. नोझलचा सांधा हाताने थर देऊन भरला जात असल्याने तो कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून असतो. भक्कम टाकीतही गळती नोझलपाशी सुरू होण्याचे हे मोठे कारण आहे.

कोणते रसायन, किती तीव्रतेचे आणि जास्तीत जास्त किती तापमानाचे, या तीन गोष्टी नक्की झाल्याखेरीज फिटिंगची निवड करता येत नाही. सल्फ्युरिक आम्लाचे उदाहरण बोलके आहे. ९८ टक्के तीव्रतेचे आम्ल साध्या पोलादी टाकीत ठेवता येते. फायबरग्लासला ते सोसत नाही. तेच आम्ल पाणी घालून सौम्य केले, की पोलाद झपाट्याने झिजते आणि योग्य रेझिनचे फायबरग्लास टिकते. सामान्य तापमानाच्या हायड्रोक्लोरिक आम्लासाठी व्हिनाइल एस्टर रेझिन चांगले मानले जाते. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर स्वस्त पडते, परंतु कॉस्टिक सोड्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. क्रोमिक आणि नायट्रिक ही आम्ले तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने तेथे फायबरग्लासचा उपयोग फार सौम्य द्रावणापुरताच करावा.

रेझिन योग्य असले तरी सगळ्यात आतला पातळ पडदा चुकीचा असू शकतो. कॉस्टिक सोडा काचेलाच खातो, हायड्रोफ्लोरिक आम्ल तर काच विरघळवतेच. अशा ठिकाणी काचेच्या पडद्याऐवजी कृत्रिम तंतूंचा पडदा घ्यावा लागतो. जलशुद्धीकरणासाठी साठवल्या जाणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटची बाब आणखी वेगळी आहे. रेझिन घट्ट करण्यासाठी सामान्यतः कोबाल्टचे संयुग वापरतात आणि कोबाल्टमुळे हायपोक्लोराइटचे विघटन वेगाने होते. त्यासाठी कोबाल्टविरहित पद्धत मागावी लागते. ती न मागितल्यास पुरवठादार नेहमीचीच पद्धत वापरण्याचा संभव असतो. खरेदीपत्रात केवळ 'एफआरपी नोझल, दोन इंची' एवढाच उल्लेख करणे म्हणजे निवड दुसऱ्यावर सोपवणे होय.

फ्लँजच्या बाबतीत पोलादाची सवय घातक ठरते. फायबरग्लासचा फ्लँज सपाट असतो. त्याला उंचवटा असलेला धातूचा फ्लँज जोडून बोल्ट आवळले, तर कडा वाकून तडा जातो. दोन्ही बाजू सपाट असाव्यात, मध्ये पूर्ण पृष्ठभाग झाकणारे मऊ रबरी गॅस्केट असावे, प्रत्येक बोल्टखाली वॉशर असावा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, ठरावीक जोराने, टॉर्क पान्याने आवळावेत. रबराची जातही रसायनाप्रमाणे बदलते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा त्यालाही खातात. जड झडपेचा भार नोझलवर टाकू नये. झडपेला स्वतंत्र आधार द्यावा. लहान व्यासाच्या नोझलला बाजूने मजबुतीच्या पट्ट्या हव्यात, अन्यथा कोणी पाय ठेवला तरी ते मोडू शकते.

हवा ये-जा करण्याची नळी हा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. टँकरमधील रसायन दाबाच्या हवेने टाकीत सोडले जात असेल, तर टँकर रिकामा होताच उरलेली हवा एकदम टाकीत घुसते. नळी अरुंद असल्यास टाकीचे छत किंवा तळाचा सांधा फाटू शकतो. उलट पंपाने रसायन उपसताना नळी बंद असेल, तर टाकी आत दबते. म्हणूनच या नळीचा व्यास आत येणाऱ्या पाइपाच्या व्यासावरून न ठरवता हवेच्या कमाल प्रवाहावरून ठरवणे इष्ट आहे.

हे ज्ञान बंगळुरूला परके नाही. याच शहरातील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने रडारसाठी फायबरग्लासची आच्छादने तयार केली असून, 'तेजस' विमानाच्या कार्बनतंतूंच्या भागांतही या संस्थेचा वाटा आहे. रसायनांच्या टाकीचा फ्लँज त्याच कुळातला असला तरी तो अनेकदा एखाद्या छोट्या शेडमध्ये घडतो, आणि तपासणीची शिस्त तेथवर पोहोचतेच असे नाही.

वस्तुतः प्राथमिक तपासणीला फार खर्च येत नाही. बारकोल उपकरणाने पृष्ठभागाचा कठीणपणा मोजता येतो. पृष्ठभागावर अ‍ॅसिटोन चोळल्यावर तो चिकट लागला, तर रेझिन पुरते घट्ट झालेले नाही असे समजावे. टाकीच्या भिंतीत रंग मिसळू नये, असाही आग्रह धरता येतो. भिंत अर्धपारदर्शक राहिल्यास एका बाजूने दिवा धरून आतील हवेचे बुडबुडे पाहता येतात, आणि पुढे कधी नोझलभोवती पसरू लागलेला काळपट डाग गळतीच्या आधीच नजरेस पडतो.