पदभ्रमणातील स्वयंपाक आणि भांड्याची गवसणी

आकाशाला गवसणी घालण्याचा वाक्प्रचार मराठी वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही असे सहसा होत नाही. मात्र तंबोऱ्यावर चढवावयाची खोळ म्हणून प्रत्यक्ष गवसणी ज्यांनी हाताळली आहे, असे विद्यार्थी आता थोडे. वस्तू मागे पडली आणि अलंकार तेवढा उरला, असा हा प्रकार होय. प्रस्तुत लेखात हा शब्द पुन्हा त्याच्या मूळच्या कामाला लावावयाचा आहे. डोंगरावर हिंडावयास जाणारी मंडळी स्टोव्हवरून उतरविलेल्या पातेल्यास ऊब राखणारे जे आच्छादन घालतात, त्यास इंग्रजीत चहाच्या किटलीवरील लोकरी टोपीचेच नाव दिले गेले आणि आमची तरुण मंडळीही 'कोझी' म्हणूनच त्याचा उल्लेख करतात. त्याला 'उष्णतारोधक पात्रावरण' असे म्हणण्याचा मोह पदनाम कोशाच्या (१९६२) काळात कोणालाही झाला असता. परंतु भांड्याच्या आकाराबरहुकूम बेतलेली आणि काढता-घालता येणारी खोळ, एवढाच अर्थ हवा असेल तर 'गवसणी' हा शब्द पुरेसा आहे.

नावाहून महत्त्वाचा प्रश्न असा की, जाळावरून उतरविलेल्या पातेल्यात अन्न शिजते कसे? याचे निम्मे उत्तर आपल्या भाषेनेच देऊन ठेवले आहे. 'शिजणे' हे अकर्मक क्रियापद असून 'शिजविणे' हे त्याचे प्रयोजक रूप होय. भात आपला आपण शिजतो, आपण त्याला केवळ अनुकूल परिस्थिती पुरवितो. 'आधण येणे', 'उकळी फुटणे' हे पाण्याचे व्यापार. 'वाफ आणणे', 'दम देणे', 'मुरणे' हे उकळीनंतरचे, झाकणाखालचे व्यापार. जुन्या चुलीला 'वैल' नावाचे एक बाजूचे तोंड असे. त्याला स्वतंत्र जाळ नसे. मुख्य जाळाची धग तेवढी तेथे पोहोचत असे आणि उकळी आलेली आमटी वा भात त्यावर सरकवून ठेवीत. ज्या स्वयंपाकघरात चुलीला वैल होता, तेथे उष्णता देणे आणि उष्णतेत राहू देणे ही दोन निराळी कामे आहेत हे सांगावे लागत नसे. गवसणी हा चुलीपासून सुटा झालेला वैल होय, असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग पदार्थविज्ञानाचा आहे. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. आता पाणी उकळू लागल्यावरही आपण स्टोव्ह चालूच ठेवला, तर त्याचे तापमान वाढत नाही. दिलेली उष्णता वाफेबरोबर निघून जाते. अवघे १४० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले की, मूळ पाणी तापविण्यास जेवढी उष्णता खर्ची पडली तेवढीच आणखी गेली असा हिशोब आहे. हे ३१५ किलोज्यूल म्हणजे सुमारे ७ ग्रॅम ब्युटेन वायू. उघड्या जागी, वाऱ्यात त्याच्या दुपटीहून अधिक लागतो. तांदळातील पिष्ठ साधारणतः ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान फुलते. त्याला उकळीचा खळखळाट लागत नाही. लागतो तो त्या तापमानाचा टिकाऊपणा.

ही युक्ती नवी नव्हे. नॉर्वेच्या योहान सोरेन्सेन याची ऊबदार अस्तराची स्वयंपाकपेटी १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली होती, आणि गवत भरलेल्या पेट्या युरोपात दोन्ही महायुद्धांच्या टंचाईत घरोघर वापरल्या गेल्या. बंगालात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर सिद्ध केला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या प्रयत्नांतून आलेल्या सराई कुकरमध्ये बाहेरचे भांडे उष्ण हवेचे कवच आतील डब्यांभोवती राखते व सुमारे १०० ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर कुटुंबाचे जेवण होते. आपल्याकडे आंब्याची अढी पेंढ्यात घालतात, विरजण कपड्यात गुंडाळून ठेवतात, त्यामागेही तत्त्व हेच: स्थिर हवेला धरून ठेवणारा पदार्थ उष्णतेची वाट अडवितो.

आता प्रत्यक्ष कृती. संत तुकाराम नगरात, किंबहुना पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या कारखानदारीच्या पट्ट्यात, सुट्या भागांच्या वेष्टनासाठी वापरला जाणारा पांढरा फोम पाहावयास मिळतो. तो उष्णतारोधक खरा. परंतु वापरलेल्या वेष्टनास तेल व गंजरोधक द्रव्ये लागलेली असतात, म्हणून ते अन्नाच्या जवळ आणू नये. मोटारीच्या काचेमागे उन्हासाठी लावतात तो, चकचकीत वर्ख चिकटविलेला फोमचा पडदा नवा घेतल्यास काम भागते. १६ सेंटीमीटर व्यासाच्या, दीड लिटरच्या पातेल्यासाठी ५ मिलिमीटर जाडीचे दोन थर घ्यावेत. पुष्कळांचे गणित येथेच चुकते. ते भांड्याचा परीघ, म्हणजे ५०.३ सेंटीमीटर, मोजून तेवढीच पट्टी कापतात आणि ती तोकडी पडते. परीघ धरावयाचा तो पट्टीच्या जाडीच्या मध्यावरचा: पहिल्या थरास १६.५ व्यासाचा, म्हणजे ५२ सेंटीमीटर, दुसऱ्यास १७.५ व्यासाचा, म्हणजे ५५ सेंटीमीटर. दोन्ही थरांचे सांधे परस्परांच्या विरुद्ध बाजूंस आणावेत. तळाला १८ सेंटीमीटर व्यासाची चकती जोडावी. टोपणासाठी १९ सेंटीमीटरची चकती आणि तिच्या कडेला ५८.५ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद पट्टी. ती भिंतीवर बाहेरून बसते. सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने मिटवावेत, कारण कापडी पट्टी वाफेने सुटते.

वर्खाविषयी एक गैरसमज आढळतो. भांड्याला चिकटून बसलेला वर्ख उष्णता परतवीत नाही. परावर्तनास मध्ये हवेची फट लागते. म्हणून चकचकीत बाजू बाहेर असणे अधिक उपयोगाचे. आत वर्ख असल्यास तो मुख्यत्वे वाफेचा ओलावा फोमपासून दूर राखतो. ज्यास प्लास्टिक नको, त्याने घोंगडीचे दोन पदर शिवून घ्यावेत. लोकर ऊब उत्तम राखते, सहजी पेट घेत नाही. मात्र ओली झाली की जड होते. सुती गोधडी या कामी कमी प्रतीची.

कासारवाडी स्थानकावरून लोकलने लोणावळ्यास उतरून राजमाचीस गेल्यास उधेवाडीपर्यंतची चाल सुमारे १५ किलोमीटरांची आहे. पाठीवरील प्रत्येक ग्रॅम तेथे हिशोबात येतो, आणि उन्हाळ्यापूर्वीच्या वाळक्या गवतात उघडी चूल पेटविणे किती धोक्याचे हे निराळे सांगावयास नको. चौघांपैकी दोघांपुरत्या खिचडीचे उदाहरण घेऊ. तांदूळ व मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी, पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घ्यावे, कारण ते आटणार नाही. खळखळून उकळी आल्यावर झाकण ठेवून सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. मग स्टोव्ह बंद करून अर्ध्या मिनिटाने सांडशीने पातेले गवसणीत ठेवावे. फोम १०५ अंशांच्या आसपास वितळू लागतो, म्हणून जाळावरचा तापलेला तळ लगेच त्यावर टेकवू नये. पस्तीस-चाळीस मिनिटे टोपण उघडू नये. प्रत्येक डोकावण्याची किंमत काही अंशांत मोजावी लागते. त्या अवधीत त्याच स्टोव्हवर उरलेल्या दोघांचे पातेले चढविता येते.

पातेले निम्मेच भरले तर हा हिशोब कोलमडतो. भांड्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली की आतील वस्तुमान आठपट होते, पृष्ठभाग मात्र चौपटच. म्हणून मोठे भरलेले पातेले दुप्पट काळ गरम राहते आणि एकट्या माणसाचा कपभर भात लवकर निवतो. उंचीचाही परिणाम आहे: दर ३०० मीटरांस उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, म्हणजे १६४६ मीटरांच्या कळसूबाईवर प्रारंभच ९५ अंशांखाली होतो. मूग व मसूर डाळ एवढ्यात शिजते. तुरीची डाळ हट्टी आहे, ती घरीच शिजवून वाळवून न्यावी. राजम्याच्या बाबतीत तर गवसणीवर मुळीच विसंबू नये. त्यातील विषारी द्रव्य नष्ट होण्यास भिजविल्यानंतर किमान दहा मिनिटांची खरी उकळी लागते. ८० अंशांच्या मंद उबेत ते उलट अधिक बाधक ठरते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण गवसणीचे गुण ऐकून रात्रीचे अन्न सकाळपर्यंत तीत ठेवण्याची कल्पना कोणास सुचेल. भातातील काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि अन्न ६० अंशांखाली उतरले की ते वाढीस लागतात. कोमट पातेले हे त्यांचे सोयीचे घर होय. तेव्हा तास-दीड तासात जेवण उरकावे, आणि रिकामी गवसणी उलटी करून, टोपण वेगळे ठेवून, वाऱ्यावर कोरडी होऊ द्यावी.