इन्क्रिमेंट झालं? मग आई-बाबांना फिरवा!

इन्क्रिमेंट झालं, एरियर्ससकट पगार खात्यात पडला की पहिला विचार कसला येतो? नवा मोबाइल? मोठा टीव्ही? मुरुम-उमरग्याकडून पुण्यात येऊन स्थिरावलेल्या मंडळींचा आणखी एक ठरलेला फंडा असतो, 'गावी जाणं होत नाही ना, मग घरी काहीतरी पाठवून देऊ.' टीव्ही पोचतो, फोनवर कौतुक होतं आणि दोन महिन्यांत तो भिंतीचाच भाग होऊन जातो.

का विरतो आनंद?

वस्तूची आपल्याला सवय होते, शिवाय शेजाऱ्याकडे त्याहून भारी मॉडेल येतंच. लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडलं, की वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसाला जास्त आनंद देतो. सहल संपते, पण तिचे किस्से उरतात. २०१४ च्या एका अभ्यासात तर अनुभवाची नुसती वाट पाहणंही जास्त सुखाचं असल्याचं दिसलं.

पण थांबा!

२०१८ च्या एका संशोधनानं यात मेख मारली. हा नियम प्रामुख्यानं खाऊनपिऊन सुखी असलेल्यांना लागू पडतो. हात आखडून जगणाऱ्यांना वस्तूही तितकाच आनंद देतात. त्यामुळे घरी फ्रीजच नसेल तर आधी फ्रीज घ्या, बिनधास्त! दुसरा टीव्ही घेताना मात्र विचार करा.

नळदुर्ग आहे ना!

अनुभव म्हणजे बँकॉकच हवं असं थोडंच आहे? मुरुमकरांच्या धाराशिव जिल्ह्यातच, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ मध्ये बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहिली की बंधाऱ्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. आत महालात उभं राहून समोर पडणारं पाणी बघायचं, सही ना?

आयुष्यभर त्याच रस्त्यानं एसटीतून गेलेल्या किती आई-बाबांनी हा किल्ला आतून पाहिलाय? एकदा विचारा. रजा टाका, दशम्या आणि शेंगाचटणी बांधून घ्या आणि त्यांना घेऊन निघा. टीव्ही पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित स्वस्तात. आईच्या गुडघ्यांचं मात्र तसं नाही. किल्ल्याच्या पायऱ्या ती आज चढू शकतेय, तोवरच हा बेत जमवायला हवा.